साखरपुड्याची अंगठी: आधी हात बघा, मग हिरा

लग्नाच्या दागिन्यांच्या यादीत अंगठी तळाला कुठेतरी असते. पाटल्या, तोडे, राणीहार, ठुशी यांच्यावर घरात तासन्‌तास खल होतो, आणि ‘अंगठी काय, जाता जाता घेऊ’ म्हणत ती शेवटच्या फेरीत उरकली जाते. लग्नाला महिना उलटला की राणीहार लॉकरमध्ये जातो, ठुशी सणावारापुरती उरते. कणीक मळताना, स्कूटी चालवताना, लोकलच्या दांडीला धरून उभं राहताना बोटात असते ती अंगठीच.

आणि नेमक्या याच दागिन्याला आपण लॉकरमधल्या दागिन्यांचे नियम लावतो. वजन किती भरलं? मोडीत किती येतील? बावीस कॅरेटच आहे ना? हे प्रश्न पाटल्यांसाठी अगदी रास्त आहेत. पण जी वस्तू रोज घालायची, धुवायची, आपटायची, तिला आधी वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

आपल्याकडच्या रीतीमुळे आणखी एक गुंता होतो. बहुतेक घरांत मुलीची अंगठी मुलाकडचे आणतात आणि मुलाची मुलीकडचे. म्हणजे जिच्या बोटात ती जाणार तिला निवडीत फारसं कुणी विचारत नाही, आणि दोन्ही बाजूंचं लक्ष समोरच्यांच्या ग्रॅमकडे. ‘त्यांनी पाच ग्रॅमची आणली, आपण तीनची कशी न्यायची?’ या एका वाक्यापायी कितीतरी नाजूक बोटांवर जाडजूड अंगठ्या चढल्या आहेत. शक्य असेल तर दोघांना एकत्र पेढीवर पाठवा. मोठ्यांनी बजेट सांगावं आणि चहा घेत बसावं.

हात काय करतो

जोडीदाराला कोणती अंगठी शोभेल हे ठरवायला बोटं लांबसडक आहेत की आखूड, हे बघण्याची टूम आहे. थोडाफार उपयोग होतो, नाही असं नाही. आखूड बोटावर रुंद पट्टा बोट आणखी आखूड दाखवतो, लंबगोल खडा किंचित लांबी देतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो हात दिवसभर काय करतो.

नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट यांना दिवसात कितीदा हात धुवावे लागतात आणि हातमोजे घालावे लागतात. उंच बसवलेला खडा हातमोजा फाडतो आणि त्याच्या खाली साबण साठतो. त्यांना सपाट, खडा आत बुडवलेली किंवा निव्वळ सोन्याची अंगठी बरी. लेथ मशिनवर, गॅरेजमध्ये, साइटवर काम करणाऱ्याने कामाच्या वेळी कोणतीच अंगठी घालू नये. अंगठी कुठे अडकून हात जोरात ओढला गेला तर बोटाची कातडी अक्षरशः सोलून निघते, क्वचित बोटही जातं. अशा माणसासाठी साधं वेढणं घ्यावं आणि कामावर जाताना ते घरी ठेवायचं, हे पहिल्या दिवसापासून दोघांनी मान्य करावं. त्यावरून पुढे रुसवेफुगवे नकोत.

दातांच्या डॉक्टरांसाठी किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना: पारा सोन्याला लगेच धरतो. पाऱ्याचा थेंब लागला की सोनं पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं. पोहणाऱ्यांनी क्लोरीनपासून जपावं, आणि बाथरूम घासताना ब्लीचपासून सगळ्यांनीच. सोन्यात मिसळलेल्या तांबं-निकेलसारख्या धातूंना क्लोरीन हळूहळू खातो.

आवड ओळखायची असेल तर ती रोज काय घालते ते बघा. लग्नसमारंभात घातलेलं मोजू नका. घड्याळाचा पट्टा सोनेरी की चंदेरी? कानातलं बारीक की लोंबतं? घरी आल्या आल्या सगळं काढून टेबलावर टाकायची सवय आहे का? असेल तर अंगठी जितकी हलकी आणि गुळगुळीत, तितकी ती बोटात टिकण्याची शक्यता जास्त.

माप

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बोटाभोवती दोरा गुंडाळायचा, फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, ही पद्धत सोडून द्या. दोरा ताणला जातो, आणि अंगठी ज्या सांध्यावरून सरकणार तो सांधा मोजायचा राहूनच जातो.

आपल्याकडच्या अंगठीच्या नंबरामागे साधा हिशेब आहे. अंगठीचा आतला परीघ मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्यातून ४० वजा करा, साधारण भारतीय नंबर मिळतो. समजा, त्याच बोटात बसणारी एखादी जुनी अंगठी आहे आणि तिचा आतला व्यास १६.५ मिलिमीटर भरला. परीघ झाला जवळपास ५२, म्हणून नंबर १२. अमेरिकेत हेच माप ६ नंबरचं. न्यू जर्सीहून मुलाने ‘सिक्स’ कळवलं आणि पुण्यात सोनाराने आपल्या सहा नंबरची अंगठी घडवली, तर ती करंगळीतही जाणार नाही. ब्रिटनमध्ये तर आकड्यांऐवजी अक्षरं चालतात. परदेशातून माप मागवताना नंबर विचारूच नका, आतला व्यास मिलिमीटरमध्ये मागवा.

बोटं दिवसभरात आणि ऋतूनुसार फुगतात, आटतात. डिसेंबरात सकाळी दिलेलं माप मे महिन्यात दुपारी घट्ट होतं. माप दुपारनंतर द्यावं, हात गार नसताना. रुंद पट्ट्याच्या अंगठीला अर्धा ते एक नंबर जास्त लागतो. साधी अंगठी एक-दोन नंबरांनी लहानमोठी करणं सोनाराला सोपं असतं. पण पूर्ण गोलाकार खडे जडवलेली अंगठी जवळजवळ बदलता येत नाही. ती हवीच असेल तर मापात चूक चालणार नाही.

धातू: बावीसचा हट्ट कुठे सोडायचा

चोवीस भागांपैकी बावीस भाग सोनं म्हणजे बावीस कॅरेट, शुद्धता ९१.६ टक्के. अठरा कॅरेट म्हणजे ७५ टक्के, चौदा म्हणजे ५८.५. उरलेला भाग चांदी, तांबं, जस्त वगैरेंचा. सोनं जितकं शुद्ध तितकं मऊ.

बिनखड्याच्या वेढण्याला बावीस कॅरेट उत्तम. चरे पडतील, थोडा आकार बदलेल, पण वाईट काही होणार नाही. खड्याच्या अंगठीचं तसं नाही. हिऱ्याला चार किंवा सहा बारीक नख्यांनी धरलेलं असतं आणि सगळा भार त्या नख्यांवर असतो. मऊ सोन्याची नखी स्वेटरमध्ये अडकून उचलली जाते, आणि एक नखी उचलली की हिरा हलायला लागतो. म्हणून हिऱ्याची अंगठी अठरा किंवा चौदा कॅरेटमध्ये घडवतात. ‘सोन्यात भेसळ करून देतात’ ही आजीची शंका इथे चुकीची आहे. ती भेसळ हिरा जागेवर ठेवण्यासाठीच असते. अट एकच: भावही अठराचाच लावलेला हवा.

पांढरं सोनं मुळात इतकं पांढरं नसतं. वर रोडियम या चंदेरी धातूचा मुलामा असतो आणि रोजच्या वापरात तो वर्ष-दोन वर्षांत झिजून आतला पिवळसर रंग डोकावतो. पुन्हा मुलामा देता येतो, त्याचे पैसे पडतात. त्यात निकेल असेल तर काहींच्या बोटाला खाज सुटते. प्लॅटिनमला हे दोन्ही त्रास नाहीत. दागिन्यात ते ९५ टक्के शुद्ध असतं आणि सोन्यापेक्षा बरंच जड, त्यामुळे तेच डिझाइन हाताला भारी लागतं. मात्र त्याची घडणावळ चढी, दुरुस्ती करणारे कारागीर कमी, आणि मोडीत देताना सोन्यासारखी गिऱ्हाइकी नाही. ज्यांना चंदेरी रंग हवा, त्वचा नाजूक आहे आणि अंगठी विकायचा विचार नाही, त्यांनीच घ्यावं.

खडा

हवेतल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्‌झ ७ वर आहे. म्हणजे ७ पेक्षा मऊ खडा नुसता पुसला तरी काही वर्षांत धुरकट होतो. मोती २.५ ते ४.५, पोवळं ३ ते ४, ओपल ६ च्या आसपास: हे कानात, गळ्यात शोभतात, रोजच्या अंगठीत नाही. पाचू ७.५ ते ८ आहे, पण त्याच्या अंगात नैसर्गिक भेगा असतात आणि त्या झाकायला तेल भरलेलं असतं. गरम पाणी आणि आपटणं त्याला सोसत नाही. माणिक, नीलम, पुष्कराज हे तिन्ही एकाच जातीचे, ९ वर. हिरा १०.

यातून एक मजेची गोष्ट निघते. गुरुजींनी पत्रिका बघून पुष्कराज सांगितला आणि मुलीने तोंड वाकडं केलं, असं पुष्कळदा होतं. पत्रिकेवर तुमचा विश्वास असो वा नसो, रोजच्या वापराला पुष्कराज पक्का खडा आहे आणि पिवळ्या सोन्यात तो हिऱ्याइतकाच देखणा दिसतो. पत्रिकेच्या खड्याची अंगठी खालून उघडी ठेवतात, खडा बोटाला टेकावा म्हणून. तिथे साबण आणि पीठ साठतं, एवढं लक्षात ठेवायचं.

हिऱ्याच्या बाबतीत दुकानात चार गोष्टी सांगतात: वजन, रंग, स्वच्छता, पैलू. सगळा जोर पहिल्या तीनवर असतो, पण चमक येते चौथ्यातून. पैलू नीट पाडलेले असतील तर वरून शिरलेला प्रकाश आत दोनदा उलटून वरूनच बाहेर येतो. हिरा उथळ किंवा फार खोल कापला असेल तर प्रकाश गळक्या बादलीतल्या पाण्यासारखा खालून निघून जातो आणि मधोमध काळपट दिसतं. वजन वाचवण्यासाठी असे हिरे कापले जातात, कारण विक्री कॅरेटवर होते, आणि हिऱ्याचं कॅरेट म्हणजे सोन्यासारखी शुद्धता नाही, वजन. प्रमाणपत्रावर पैलूंची प्रत ‘एक्सलंट’ असलेला लहान हिरा हा ‘गुड’ प्रतीच्या मोठ्या हिऱ्यापेक्षा बोटात जास्त उठून दिसतो.

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. तीस सेंटचा गोल हिरा सुमारे ४.३ मिलिमीटर रुंद असतो, पन्नासचा ५.१, शंभराचा ६.५ च्या आत. वजन दुप्पट झालं तरी रुंदी जेमतेम सव्वापट होते, किंमत मात्र दुपटीहून अधिक. शिवाय पन्नास, शंभर अशा गोल आकड्यांवर भाव उडी मारतो. ४७-४८ सेंटचा हिरा डोळ्याला पन्नासचाच दिसतो. रंगाची प्रतवारी ‘डी’ या अक्षरापासून, म्हणजे सर्वांत पांढऱ्यापासून, सुरू होते आणि पुढच्या अक्षरांत पिवळेपणा वाढत जातो. पिवळ्या सोन्यात ‘एच’ किंवा ‘आय’ रंगही पांढराच वाटतो, तिथे ‘ई-एफ’साठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. स्वच्छतेचंही तसंच. डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर ‘व्हीएस’, म्हणजे अगदी बारीक डागांची, प्रत पुरेशी आहे. दुकानदार भिंग हातात देतो तेव्हा भिंगातून हिऱ्यापेक्षा नख्या नीट बघा. सगळी टोकं खड्यावर घट्ट बसली आहेत का, एखादी बारीक-जाड आहे का?

हिरा सर्वांत कठीण, म्हणून तो फुटत नाही, हा गैरसमज आहे. त्याला ओरखडा पडत नाही, पण ठरावीक दिशेने घाव बसला तर टवका उडतो. चौकोनी आणि थेंबाच्या आकाराच्या हिऱ्यांची टोकं त्यामुळे धोक्यात असतात. त्या टोकांवर नखी हवीच. हातांना आराम नसेल तर खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेलं कोंदण घ्यावं. चमक तसूभर कमी होते, खडा मात्र सुरक्षित राहतो.

आता प्रयोगशाळेतला हिरा. तो नकली नाही. त्यातही कार्बनच आहे, तीच रचना, तोच कठीणपणा. दुकानातलं साधं तपासणी यंत्र दोन्ही हिऱ्यांना हिराच म्हणतं, फरक कळायला खास यंत्र किंवा प्रयोगशाळा लागते. सुरतेत हे हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. २०२३ च्या अमेरिका भेटीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा असाच हिरा दिला होता. उत्पादन वाढलं तसे भाव घसरत गेले, आणि अजून घसरू शकतात. त्यामुळे माझं मत असं: कमी पैशांत मोठा, देखणा खडा हवा असेल तर खुशाल घ्या, पण विकून काही परत येईल हा विचार सोडा. आणि जोडीदाराला सांगून घ्या. पुढे दुसऱ्या कुणा सोनाराच्या तोंडून तिला ते कळलं तर वाद हिऱ्यावरून होणार नाही.

बिल वाचताना

हिशेब सोपा जावा म्हणून समजू की शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. अंगठीचं एकूण वजन ३.५ ग्रॅम, त्यात तीस सेंटचा हिरा, म्हणजे ०.०६ ग्रॅम. निव्वळ सोनं ३.४४ ग्रॅम. अठरा कॅरेटचा भाव शुद्ध भावाच्या पाऊणपट, ७,५०० रुपये. सोन्याचे झाले २५,८००. घडणावळ १५ टक्के धरली तर ३,८७०. हिरा समजा १८,००० चा. बेरीज ४७,६७०, वर ३ टक्के जीएसटी, साधारण १,४३०. हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर वेगळा. एकूण एकोणपन्नास हजारांच्या थोडं वर.

आता यात पाणी कुठे मुरतं ते बघा. खड्याचं वजन वजा केलं नाही तर इथे साडेचारशे रुपयांचा फरक पडतो, मोठ्या रंगीत खड्याला तो हजारांत जातो. अठरा कॅरेटला चुकून बावीसचा भाव लागला तर साडेपाच हजारांहून जास्त गेले. आणि घडणावळ टक्क्यांत असेल तर सोनं महागलं की कारागिराचं काम तेवढंच राहूनही ती वाढते. त्यामुळे ग्रॅममागे किंवा नगामागे ठरावीक रक्कम मागा. घासाघीस करायची ती घडणावळीवर, तिथेच जागा असते.

हॉलमार्क २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२के९१६ किंवा १८के७५०) आणि तो सहा अंक-अक्षरांचा क्रमांक. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की शुद्धता, सराफाची नोंदणी आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. तिथे अंगठीऐवजी कर्णफुलं दिसली तर काउंटरवरूनच परत करा. एक पळवाट माहीत असू द्या: दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला ही सक्ती लागू नाही. नाजूक अंगठ्या नेमक्या याच वजनात बसतात. तरीही हॉलमार्क मागा, बरेच सराफ करून देतात. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई मिळण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी पक्कं बिल हातात हवं.

हिऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं. जीआयए किंवा आयजीआयसारख्या संस्थेचं असावं. बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर लेसरने क्रमांक कोरलेला असतो, तो भिंगाखाली प्रमाणपत्राशी ताडून बघता येतो. परत घेताना हिऱ्याचे किती टक्के देणार, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी ‘आपलंच दुकान आहे’ पुढच्या पिढीच्या मालकाला आठवत नाही.

घातल्यावर

हिऱ्याला तेलातुपाचं भारी आकर्षण. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला खडीतून हिरे वेगळे काढण्यासाठी ग्रीस लावलेली टेबलं वापरत, हिरे तेवढे त्याला चिकटत. तुमच्या बोटातला हिरा तेच करतो: क्रीम, खोबरेल, पोळ्यांचं तूप, सगळं धरून ठेवतो आणि महिन्याभरात मंद दिसायला लागतो. वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि खड्याच्या मागच्या बाजूने हलकं घासणं, एवढंच पुरतं. सिंकवर उभं राहून नळाखाली मात्र कधीच धुऊ नका. मोती, पोवळं आणि पाचूला नुसतं ओलं फडकं.

वर्षातून एकदा सोनाराकडून नख्या तपासून घ्या. मधल्या काळात घरच्या घरी एक करता येतं: अंगठी कानाजवळ धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने हलकेच टिचकी मारायची. खडा पक्का असेल तर काही ऐकू येत नाही. बारीक खुटखुट आली तर अंगठी लगेच डबीत ठेवायची आणि डबीसकट सोनाराकडे जायचं.